फेअरहोपचा मार्च : रस्त्यावरची कला आणि पायाखालची जमीन

मार्च अर्धा सरला की एका शुक्रवारी सकाळी अमेरिकेतल्या फेअरहोप गावाच्या मधल्या चौकात मोटारी बंद होतात. सेक्शन स्ट्रीट आणि फेअरहोप अॅव्हेन्यू जिथे एकमेकांना छेदतात, तिथून चारही दिशांना कला-हस्तकलेच्या मेळ्याचे पांढरे तंबू लागतात. कुंभार, काच फुंकणारे, लाकूड कोरणारे, चांदीचे दागिने घडवणारे, छायाचित्रकार असे दोनशेच्या वर कारागीर रविवार संध्याकाळपर्यंत तिथे उभे असतात. तिकीट नाही. गाडी गावाबाहेर लावायची आणि बसने आत यायचं. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती होती २२,४७७, आणि आयोजकांच्या अंदाजाने या तीन दिवसांत दोन लाखांहून जास्त माणसं येतात. म्हणजे घरच्या एका माणसामागे नऊ पाहुणे. आपल्याकडच्या यात्रेच्या गावांना हे प्रमाण नवं नाही, पण तिथे देव असतो. इथे देव नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याच्या वाट्याला समुद्रकिनारा आलाय तो बोटभरच. तिथून जमिनीत शिरलेला मोबीलचा उपसागर, आणि त्याच्या पूर्व काठावर लाल मातीच्या कड्यांवर वसलेलं फेअरहोप. पलीकडचं मोबील शहर अमेरिकेतल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक मानलं जातं. उन्हाळा असा दमट की कोकणातला माणूस तिथे गेला तर मे महिन्यातल्या घामाची आठवण काढेल. त्यामुळे मार्च हाच खरा बाहेर पडण्याचा महिना. अझेलियाची झुडपं गुलाबी झालेली असतात आणि नगरपालिकेचे माळी चौकाचौकांतले ताटवे सजवून बसलेले असतात. पाऊस मात्र बेभरवशाचा. तंबूला वजनं बांधलेली नसली तर वर्षभराचं काम एका सरीत वाहून जाऊ शकतं.

हा मेळा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून भरतोय. १९५४ साली स्थानिक कलावंतांची संघटना उभी राहिली. तिचं कला केंद्र आजही चालतं आणि मेळ्याच्याच दिवसांत चित्रांचं वेगळं खुलं प्रदर्शन भरवतं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुकानं आणि दालनं उशिरापर्यंत उघडी ठेवून गावभर कलाफेरी निघते, ती निराळी. एवढ्याशा गावाला सत्तर वर्षं हे कसं जमतं? आणि जमतंय, तर त्याची किंमत कोण मोजतं? या प्रकरणात बघायचंय ते हेच.

पहिल्या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर असं : निसर्ग सुंदर, उत्तरेतून थंडी चुकवायला येणारे पैसेवाले निवृत्त लोक भरपूर, दुकानदार हुशार. हे सगळं खरं आहे, पण त्या किनाऱ्यावरच्या डझनभर गावांना ते लागू पडतं. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे आज आहेत इमारतींच्या रांगा आणि बोटींचे खासगी धक्के. फेअरहोपचं वेगळेपण मला कलेच्या आधी जमिनीत दिसतं.

१८९४ : एका पुस्तकावर वसलेलं गाव

हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताचं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ १८७९ साली आलं. त्यातला मुद्दा मराठी वाचकाला समजावून सांगायला फार खटपट नको. हमरस्ता जाणार अशी नुसती कुणकुण लागली तरी काठावरच्या माळरानाचा भाव दहापट होतो. मालकाने कुदळसुद्धा मारलेली नसते. भाव वाढवला रस्त्याने, बाजाराने, शाळेने, म्हणजे सगळ्यांनी मिळून. खिशात टाकला एकट्याने. जॉर्जचं म्हणणं, ही वाढ समाजाची आहे, समाजाने ती खंड म्हणून परत घ्यावी आणि बाकीचे सगळे कर रद्द करावेत. घर बांधलं म्हणून कर नको, धंदा केला म्हणून नको, मजुरी मिळवली म्हणून नको. एकच कर, तोही जमिनीच्या मोलावर.

आयोवा राज्यातले ई. बी. गॅस्टन हे पत्रकार आणि त्यांचे थोडे सोबती हा प्रयोग करून बघायला १८९४ च्या नोव्हेंबरात या कड्यांवर उतरले. यशाची बऱ्यापैकी आशा आहे, अशा अर्थाच्या बोलण्यातून गावाचं नाव पडलं. जमीन संस्थेने विकत घ्यायची आणि कुणालाच विकायची नाही. राहणाऱ्याला ९९ वर्षांचा पट्टा. पट्टेदार दरवर्षी जमिनीच्या मोलानुसार खंड भरणार, त्यातून संस्था त्याचे सरकारी कर भागवणार आणि उरलेल्यातून गावाची कामं करणार. १९०४ साली ‘फेअरहोप सिंगल टॅक्स कॉर्पोरेशन’ या नावाने संस्थेची नव्याने नोंदणी झाली. पुढे जमीन वाढत गेली, त्यात फिलाडेल्फियाचे साबण कारखानदार जोसेफ फेल्स यांच्या देणगीचा वाटा मोठा. ही संस्था आजही आहे. तिच्या ताब्यात चार हजार एकरांहून जास्त जमीन आहे आणि गावाच्या मधला बराच भाग तिच्याच पट्ट्यांवर उभा आहे.

या व्यवस्थेचा एक परिणाम संस्थापकांनी कितपत हिशेबात धरला होता कोण जाणे. जमीन विकत घ्यायला भांडवल लागत नाही म्हटल्यावर तिथे कोण येणार? ज्यांच्याकडे कल्पना जास्त आणि पैसे कमी, ते. शाकाहारी, टॉलस्टॉयवादी, समाजवादी, स्त्रियांच्या मताधिकारासाठी भांडणारे, हिवाळा काढायला आलेले लेखक. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर येऊन राहिले. वकील क्लॅरन्स डॅरो यायचे. त्यांची व्याख्यानं व्हायची. डेलावेअर राज्यात १९०० साली याच विचारावर ‘आर्डन’ नावाचं दुसरं गाव वसलं. त्याचे संस्थापक होते एक शिल्पकार आणि एक वास्तुविशारद, आणि तेही कारागिरी आणि नाटकाचं गाव झालं. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण जमीन स्वस्तात वापरायला मिळाली की कलावंत तिकडे सरकतात, हे ओळखायला सिद्धांताची गरज नाही.

शाळा, माती आणि सुतारकाम

मेळ्याचं खरं बीज मला १९०७ सालात दिसतं. त्या वर्षी मॅरिएटा जॉन्सन या बाईंनी ‘स्कूल ऑफ ऑरगॅनिक एज्युकेशन’ सुरू केली. परीक्षा नाहीत, गुण नाहीत, नापास नाही. मूल आठएक वर्षांचं होईपर्यंत वाचायचा आग्रहही नाही. त्याऐवजी कडे उतरून ओढ्याकाठी जायचं, झाडं ओळखायची, मातीकाम आणि सुतारकाम करायचं. आणि लोकनृत्य! ते लहानमोठ्या सगळ्या मुलांना शिकावं लागे. गणितातून सुटका मिळेल एक वेळ, नाचातून नाही.

शाळेची कीर्ती न्यू यॉर्कपर्यंत गेली. १९१३ साली तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्यूई स्वतः येऊन शाळा बघून गेले आणि १९१५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तिला मोठी जागा दिली. (त्याच १९१३ च्या जुलैत एक मराठी विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला होता आणि पुढे ड्यूईंच्या वर्गात बसला. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. हे वाक्य इथे कंसात ठेवतो. पुढे ते लागणार आहे.)

१९१९ साली व्हार्टन एशेरिक नावाचा तरुण चित्रकार या शाळेत शिकवायला आला. इथेच त्याच्या हातात लाकूड कोरायची हत्यारं आली. चित्रांच्या चौकटी कोरता कोरता चित्रं मागे पडली आणि लाकूड पुढे आलं. हाताने घडवलेल्या अमेरिकन फर्निचरची आधुनिक परंपरा सांगताना आज पहिलं नाव त्याचं घेतात. पुढच्याच वर्षी कादंबरीकार शेरवूड अँडरसन इथे मुक्कामाला होते. त्यांच्या पत्नी टेनेसी मिचेल यांनी कड्याखालची रंगीत चिकणमाती उचलली आणि मुखवट्यांसारखे चेहरे घडवायला घेतले. १९२१ च्या अँडरसन यांच्या कथासंग्रहात त्या शिल्पांची छायाचित्रं छापली आहेत.

या दोन गोष्टींत एक साम्य आहे. कुणी इथे कलाकार म्हणून मिरवायला आलं नव्हतं. मोकळा वेळ होता, माती फुकट होती, शेजारी कुणी ना कुणी हाताने काहीतरी करत बसलेलं होतं. हाताचं काम आणि डोक्याचं काम यांत उच्चनीच न मानणारी एक पिढी त्या शाळेतून बाहेर पडली. १९५० च्या दशकात ‘आपल्या गावात हस्तकलेचा मेळा भरवू या’ असं कुणी म्हटलं असेल तेव्हा ‘मातीची भांडी ही काय कला आहे का’ असा वाद त्या गावाला घालावा लागला नसणार. हा माझा तर्क आहे. पण मेळ्यात आजही चित्रांच्या शेजारी चामड्याचं आणि लाकडाचं काम त्याच मानाने मांडलेलं दिसतं, त्यावरून तो फार चुकीचा वाटत नाही.

किनारा कुणाचा

१९०८ साली नगरपालिका आली. १९३० च्या दशकात संस्थेने उपसागराच्या काठच्या बागा, किनारा आणि धक्का गावाच्या स्वाधीन केला. आज कड्यावरून पाव मैल आत पाण्यात जाणाऱ्या धक्क्यावर कुणीही गळ टाकून बसू शकतं. त्याच्या तोंडाशी कारंजं आणि गुलाबाची बाग आहे. अमेरिकन किनाऱ्यावर मोक्याच्या जागेतली एवढी सलग सार्वजनिक जमीन दुर्मीळ.

याचा उपभोग कसा घेतला जातो ते बघायचं तर उन्हाळ्यातली ‘ज्युबिली’ बघावी. एखाद्या पहाटे तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि खेकडे, कोळंबी, चपटे फ्लाउंडर मासे गुदमरून काठाशी गोळा होतात. कुणाला तरी चाहूल लागते, तो शेजाऱ्याला फोन करतो, शेजारी पुढच्याला. लोक झोपेच्या कपड्यांत घमेली, बादल्या घेऊन धावतात. समुद्र गावजेवण घालतो, असंच म्हणायचं. काठावर सलग खासगी कुंपणं असती तर या पंगतीला बसणारेही मोजकेच असते.

मार्चचा मेळाही याच हिशेबावर चालतो. रस्ते, कोपरे, हिरवळ, सगळं फुकट वापरायला मिळतं. म्हणून प्रवेश फुकट ठेवता येतो. म्हणून गर्दी होते. गर्दी होते म्हणून दूरच्या राज्यांतला कारागीर गाळ्याचं भाडं आणि मुक्कामाचा खर्च सोसून येतो. येणाऱ्याची निवड परीक्षक समिती करते. नमुन्याची छायाचित्रं पाठवा, समितीला पटली तर जागा. व्यापारी संघ, कला केंद्र, नगरपालिका आणि मदतीला येणारी गावकरी मंडळी मिळून हे ओढतात. यातला बारीकसारीक तपशील इतर कुठल्याही मेळ्यासारखाच आहे, त्यात फार थांबायचं कारण नाही.

मोल वाढतं, मग जातं कुठे?

इथून प्रकरण अवघड होतं. फेअरहोपची वस्ती २००० साली १२,४८० होती. वीस वर्षांत ती पाऊणपटीहून जास्त वाढली. ज्या बाल्डविन जिल्ह्यात हे गाव आहे तो २०१० ते २०२० या दशकात १,८२,२६५ वरून २,३१,७६७ वर गेला. अलाबामात इतक्या वेगाने दुसरा जिल्हा वाढला नाही. सुंदर गाव, चांगल्या शाळा, कलेचं वातावरण, समुद्र. हे सगळं मिळून जमिनीचं मोल वाढवतं. हेन्री जॉर्जच्या हिशेबाने ही वाढ खंडातून गावाकडे परत यायला हवी होती.

ती पुरती येत नाही. संस्थेच्या जमिनीवरचं घर विकलं जातं तेव्हा घेणारा नुसत्या भिंती-छपराची किंमत मोजत नाही, जागेचीही मोजतो. याचा अर्थ उघड आहे : खंड बाजाराच्या मागे राहिला, आणि मधला फरक पट्टा विकणाऱ्याच्या खिशात गेला. संस्थेने खंड पुरेपूर वाढवावा तर म्हाताऱ्या पट्टेदारांना घर सोडायची वेळ येईल. न वाढवावा तर मूळ विचारच सुटतो. संस्थेवर टीका करणारे हा दुबळेपणा दाखवतात. मला तो ढोंगापेक्षा पेच जास्त वाटतो. शेजाऱ्याच्या खंडाचा आकडा शेजाऱ्यानेच ठरवायचा असला की तो कमीच ठरतो.

दुसरीकडे नगरपालिकेची चूल कशावर पेटते? अलाबामात घरपट्टी कमी आणि विक्रीकरावर भिस्त मोठी. मेळ्यात विकल्या गेलेल्या प्रत्येक सुरईवर राज्याचा ४ टक्के कर लागतो, वर जिल्ह्याचा आणि गावाचा. धंद्यावर कर नको म्हणून जे गाव वसलं, त्याच्या गंगाजळीत आज धंद्यावरचाच कर पडतो. गॅस्टन आज असते तर त्यांनी आपल्या ‘फेअरहोप कुरियर’मध्ये यावर जळजळीत अग्रलेख लिहिला असता, याबद्दल मला शंका नाही.

मग कुंभाराचं काय? १९२० साली कुणीही कड्याखाली जाऊन माती उचलावी आणि बाजूच्या पट्ट्यावर झोपडं बांधावं, अशी सोय होती. आज नवख्या कारागिराला त्या मधल्या भागात भट्टी लावण्यापुरती जागा परवडणं कठीण. तंबू लावायला तो तीन दिवस येतो. घर त्याचं दुसरीकडे असतं. कलावंतांनी गावाला मोल दिलं आणि त्या मोलानेच त्यांना वेशीबाहेर नेऊन बसवलं. हे न्यू यॉर्कपासून कोचीपर्यंत सगळीकडे घडतं. फरक इतकाच की फेअरहोपकडे हे थांबवण्याचं हत्यार सव्वाशे वर्षांपासून घरात आहे. त्याला धार लावायची की नाही, हा प्रश्न आहे.

ज्यांना पट्टा मिळाला नाही

आता आंबेडकरांचा तो कंस उघडतो. समान संधीच्या नावाने वसलेल्या या वसाहतीत कृष्णवर्णीयांना सुरुवातीपासून प्रवेश नव्हता. दक्षिणेतल्या गोऱ्या शेजाऱ्यांचा रोष ओढवला तर प्रयोगच बुडेल, हे कारण. विसंगती गॅस्टन यांना कळत होती, तरी निर्णय तोच राहिला. मॅरिएटाबाईंच्या शाळेतही काळी मुलं नव्हती. ड्यूईंनी ज्या शाळेत उद्याच्या लोकशाहीची चिन्हं पाहिली, तिच्या दारातून कोण आत येऊ शकत नाही हे त्यांच्या त्या विद्यार्थ्याने पहिल्या नजरेत ओळखलं असतं. गॅस्टन यांचे नातू पॉल गॅस्टन पुढे इतिहासाचे प्राध्यापक झाले, नागरी हक्कांच्या लढ्यात उतरले आणि आजोबांच्या प्रयोगाची ही बाजूही त्यांनी स्वच्छ लिहून ठेवली. घरचाच माणूस असं लिहितो तेव्हा ते जास्त लागतं.

याला एक जोडकथा आहे आणि ती आपल्या अंगणातून जाते. १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीत विनोबांच्या भूदानाला सुरुवात झाली. त्यातून ग्रामदान निघालं, म्हणजे जमीन गावाच्या नावाने आणि कसणारा कसत राहील. रायगडातल्या गागोद्यात जन्मलेल्या या माणसाचा विचार समुद्र ओलांडून गेला. १९६९ साली शेजारच्या जॉर्जिया राज्यात नागरी हक्क चळवळीतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ ही सामूहिक जमिनीची संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवलं एवढ्या गुन्ह्यासाठी जमिनीवरून हुसकलेल्या शेतकऱ्यांना आसरा मिळावा, हा हेतू. सुमारे ५,७०० एकर जमीन होती. ती उभारणाऱ्यांनी जे नमुने अभ्यासले त्यांत ग्रामदान होतं आणि हेन्री जॉर्जच्या वाटेने गेलेल्या वसाहतीही होत्या. दुष्काळ आणि वेळेवर न मिळालेलं कर्ज यांच्या कात्रीत १९८५ साली ती जमीन गेली. पण अमेरिकेत आज ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ म्हणून जे शेकडो प्रयोग चालतात, त्यांचं मूळ तिथे धरतात. जमीन न्यासाची, घर राहणाऱ्याचं, आणि विकताना किती नफा घ्यायचा यावर मर्यादा. फेअरहोपच्या खंडातली गळती नेमकी या मर्यादेने बुजवता येते. ज्यांना फेअरहोपने दारात उभं केलं नसतं, त्यांनी फेअरहोपची चूक दुरुस्त करून ठेवली आहे.

दोन वाईट वर्षं

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे मेळा रद्द झाला. सप्टेंबरच्या १६ तारखेला सॅली वादळ जवळच्या गल्फ शोअर्सला धडकलं आणि धक्का मोडला. एका वर्षात गावाचे दोन्ही चव्हाटे बंद. धक्क्याची डागडुजी झाली, मेळा पुन्हा भरू लागला. सार्वजनिक मालमत्तेचं एक बरं असतं, ती मोडली की सगळ्यांनाच खटकते.

२०२५ चा मार्च वेगळ्या कारणाने गाजला. किशोरांच्या कपाटातल्या काही पुस्तकांवरून राज्याच्या ग्रंथालय मंडळाने फेअरहोपच्या ग्रंथालयाचं अनुदान रोखून धरलं. गावात जोरदार वाद झाला, दोन्ही बाजूंनी. आणि ग्रंथालयाच्या बाजूच्या लोकांनी वर्गणी काढली. मेळ्यापेक्षा मला हीच वसंतातली मोठी घटना वाटते. हे ग्रंथालय वसाहतीच्या पहिल्या वर्षांपासून गावाच्या संसारात आहे. ते कुणाच्या पैशाने चालावं, हा प्रश्न वसाहतीच्या सुरुवातीच्या काळातही होता आणि त्याचं उत्तर तेव्हा ‘जमिनीच्या खंडातून’ असं होतं. यावेळी उत्तर ‘ज्याच्या त्याच्या खिशातून’ असं आलं.

रविवारी संध्याकाळी तंबू उतरतात. सोमवारी चौकातून पुन्हा मोटारी जायला लागतात, माळी तुडवलेले ताटवे नीट करतात. दुकानदार गल्ला मोजतात, नगरपालिकेला विक्रीकर पोचतो, कारागीर उरलेला माल गाडीत भरून पुढच्या गावच्या मेळ्याला निघतात. आणि ज्या जमिनीवर हे सगळं झालं तिचा भाव किंचित वर सरकतो. पट्टेदाराच्या वर्षाच्या खंडाच्या पावतीवर या तीन दिवसांचा रकाना मात्र नसतो.